‘राघोजी’ या नावाची चिकित्सा

इसवी सन २०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडन येथील एका लिलावात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील एक तलवार विक्रीस निघाली, आणि महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांस घेऊन त्याच वर्षीच्या ऑगस्टात मुंबईस आणविली. पाते परदेशी घडणीचे असून त्यावर देवनागरीत ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा’ असा मजकूर आहे. तलवार स्वदेशी आली याचा आनंद सर्वांस झाला तसा आम्हांसही झाला. परंतु वर्तमानपत्रांतून त्या प्रसंगी जे लिहिले गेले त्यात एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली होती. ती अशी की, पात्यावर राघोजी हे नाव आहे, सबब तलवार वंग देशावर स्वारी करणाऱ्या थोरल्या राघोजीची. पहिले वाक्य खरे आहे; दुसरेही खरे असेल; परंतु त्या दोहोंच्या मध्ये जो ‘सबब’ घातला जातो तो आम्हांस मान्य नाही. राघोजी भोसले या नावाचा आणि सेनासाहेबसुभा या किताबाचा धनी नागपुरास एकच झाला नाही. आजा राघोजी आणि नातू राघोजी या दोघांसही ते नाव व तो किताब सारखाच लागू पडतो. तलवार आज्याची ठरवावयाची तर पात्याची जात, मुठीवरील सोन्याचे काम, अक्षरांचे वळण यांनी साक्ष दिली पाहिजे. नावाची साक्ष येथे दोन्हीकडून सारखी पडते.

आमचा आक्षेप तलवारीच्या निर्णयावर नाही, निर्णयाच्या रीतीवर आहे. आणि ही रीत तलवारीपुरती असती तर आम्ही लेखणी उचललीही नसती. परंतु जुन्या कागदांच्या याद्या, खाजगी संग्रहांची टिपणे, रुमालांवर डकवलेल्या चिठ्ठ्या, या सर्वांतून हाच प्रकार चालतो. कागदात राघोजी दिसला की तो थोरला, मुधोजी दिसला की तो सीताबर्डीच्या लढाईचा, आणि जानोजी दिसला की तो माधवराव पेशव्यांशी झगडणारा. नावाला माणूस समजण्याची ही चूक मराठी कागदांच्या बाबतीत फार महाग पडते, हे एका राघोजी नावापुरते दाखवावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम नावाच्या रूपाविषयी. छापील ग्रंथांतून हे नाव बहुधा रघूजी असे येते. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात उकार आहे, १९०८ च्या नागपूर जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरात उकार आहे, आणि तेथून तो आपल्या शाळापुस्तकांत व रस्त्यांच्या पाट्यांवर आला. आमच्या हुडकेश्वराहून सक्करदऱ्याकडे जाताना त्या बाजूस रघुजीनगर म्हणून वस्ती आहे, तेथेही उकारच. उलटपक्षी उपरोक्त तलवारीवर ओकार आहे, आणि जुन्या कागदांतूनही राघोजी हे रूप वारंवार भेटते. हा भेद केवळ लेखकाच्या हाताचा म्हणून सोडून देता येत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा विवेक नसतो, त्यामुळे रघुजी की रघूजी हा वाद मोडी कागदापुढे निरर्थक आहे. परंतु मोडीत उकार व ओकार ही निरनिराळी चिन्हे आहेत, आणि ‘र’ व ‘रा’ यांतही भेद आहे. तेव्हा राघोजी लिहिणाऱ्याने राघोजीच लिहिले असे समजले पाहिजे.

व्युत्पत्तीनेही ओकाराचा पक्ष बळकट होतो. केशवाचा केसो, माधवाचा माधो, तसा राघवाचा राघो. शब्दान्तीच्या ‘अव’ चा ‘ओ’ होणे ही मराठीची नेहमीची चाल आहे. त्या राघोस मराठे मंडळींत ‘जी’ लागला म्हणजे राघोजी होतो, ब्राह्मणांत ‘पंत’ लागला म्हणजे राघोपंत, आणि लाडाचा ‘बा’ लागला म्हणजे राघोबा. रघु हा पूर्वज, राघव हा त्याचा वंशज, म्हणजे रामचंद्र. दोन्ही नावे एका कुळातली खरी, परंतु एक नव्हेत. आता भोसले घराण्यातील जी परंपरा आहे ती अशी की, वाईजवळील पांडववाडीस बिंबाजी भोसले राहत असता त्यास पुत्र नव्हता. तेथील रामोपासक रामाजीपंत कोल्हटकर यांच्या आशीर्वादाने पुत्र झाला, म्हणून त्याचे नाव उपास्य देवतेवरून ठेविले. परंपरेचा आशीर्वादाचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु नाव रामावरून ठेविले हे जर खरे, तर ते राघवापासून निघाले पाहिजे, रघूपासून नव्हे; आणि कागदांतील ओकाराशी ते जुळते. याच कोल्हटकर कुळातील भास्करराम पुढे राघोजीचा सेनापती म्हणून बंगाल्यात गेला आणि १७४४ च्या मार्चअखेर मनकरा येथे अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून त्यास कपटाने मारिले. (बंगाल्याच्या लोकस्मृतीत राघोजीचे नाव राहिले नाही, तेथे सर्वांस मिळून ‘बर्गी’ हा एकच शब्द पुरला. ‘महाराष्ट्र पुराण’ म्हणून जे गंगारामाचे बंगाली काव्य आहे त्यातही पुढे उभा आहे तो भास्करपंत.)

एवढ्यावरून रघूजी हे रूप टाकून द्यावे असे मात्र आम्ही म्हणत नाही. शंभर-सव्वाशे वर्षे जे छापले गेले ते आता भाषेचे झाले आहे. इतिहासग्रंथ लिहिणाऱ्याने रघूजी लिहावे, त्यास आमची हरकत नाही. पण कागद छापणाऱ्याने कागदात असेल तेच छापावे. ओकाराचा उकार करून ‘शुद्ध’ रूप देणारे संपादक आपल्या हातून एक पुरावा पुसला जात आहे हे विसरतात.

आता धन्यांकडे वळू. या घराण्यात नाव आज्याकडून नातवाकडे येते, आणि ते इतक्या नियमाने की वंशावळ पाहणाऱ्यास कंटाळा यावा. थोरल्या राघोजीचा बाप बिंबाजी. म्हणून राघोजीच्या चार पुत्रांत एक बिंबाजी, जो पुढे रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार करीत होता. उरलेले तिघे जानोजी, साबाजी व मुधोजी. मुधोजीचा पुत्र राघोजी, म्हणजे आज्याचे नाव. मुधोजीचा दुसरा पुत्र व्यंकोजी, त्याचा पुत्र पुन्हा मुधोजी. हाच तो आप्पासाहेब, जो १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीस इंग्रजांशी लढला, १८१८ त पदच्युत झाला, कैदेतून निसटला आणि १८४० त जोधपुरास वारला. मूळ पुरुषांपर्यंत मागे गेले तरी तेच. पहिला सेनासाहेबसुभा परसोजी, त्याचा बापही मुधोजी. आणि दुसऱ्या राघोजीचा जो पुत्र १८१७ च्या फेब्रुवारीत मारला गेला तो पुन्हा परसोजी.

दत्तकाने हा नियम तुटत नाही, उलट अधिक कडक होतो. १८१८ त आप्पासाहेबास काढल्यावर गादीवर कोण बसवावा हा प्रश्न आला, तेव्हा गुजर घराण्यातील बाजीबा नावाचे मूल पसंत पडले. तो दुसऱ्या राघोजीच्या कन्येचा पुत्र. मृत परसोजीच्या बायको दुर्गाबाई यांच्या ओटीत त्यास घातले, म्हणजे दत्तविधानाने तो दुसऱ्या राघोजीचा नातू झाला, आणि रक्ताने दौहित्र तो होताच. म्हणून नाव ठेविले राघोजी. जन्माने जो भोसला नव्हता तो या नावाने भोसला झाला. नाव ठेवणे हा येथे निव्वळ संस्कार नाही, तो वारसाचा दावा आहे. हे पुढे अधिक स्पष्ट होते. हा तिसरा राघोजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारला, आणि १८५४ त राज्य खालसा झाले. त्यानंतर १८५५ त राजवाड्यातील बायकांनी दत्तक घेतलेल्या मुलास नाव दिले जानोजी. राज्य तर गेलेले. जडजवाहीर कलकत्त्यास लिलावास लागलेले. हत्तीघोडे सीताबर्डीस विकले गेलेले. असे असता गादीवर बसलेल्या पूर्वजाचे नाव त्या मुलास देण्यात जो अर्थ आहे तो कोणत्याही अर्जात इतक्या थोडक्यात लिहिता आला नसता. जानोजीनंतर पुन्हा राघोजीराव. सक्करदऱ्याच्या वाड्यातले ते हेच, ज्यांनी १९०८ त ताजुद्दीनबाबांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून आपल्याकडे आणिले.

या नावांच्या गर्दीत घरच्या माणसांचे कसे चालत असे? त्याचे उत्तर सोपे आहे. घरात ही नावे कोणी उच्चारीतच नसे. सासऱ्याचे नाव सून घेणार नाही, नवऱ्याचे बायको घेणार नाही; आणि मुलाचे नाव आज्याचेच असल्यामुळे मुलासही त्या नावाने हाक मारता येणार नाही. म्हणून घरोघर दुसरे नाव निघाले. मुधोजीचा आप्पासाहेब, परसोजीचा बाळासाहेब, व्यंकोजीचा मन्याबापू, खंडोजीचा चिमणाबापू, राघोजीचा बाजीबा. संग्राहक मंडळी या नावांकडे किरकोळ म्हणून पाहतात, आणि यादी करताना ‘आप्पासाहेब’ खोडून ‘मुधोजी भोसले’ असे भारदस्त करून लिहितात. आमच्या मते हे उफराटे आहे. मुधोजी अनेक झाले. नागपूरच्या गादीवरचा आप्पासाहेब एक झाला. हाकेचे नाव माणसास ओळखविते, ठेवलेले नाव कुळास. सावधगिरी येथेही लागते, कारण साताऱ्याचे शहाजी महाराज यांसही आप्पासाहेब म्हणत. परंतु नागपूर आणि सातारा यांची गल्लत मजकूर वाचणाऱ्याची सहसा होणार नाही.

येथवर जे सांगितले ते वंशावळ पाहणारा कोणीही सांगेल. आता जे सांगावयाचे ते कागद हाती धरणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यासाठीच हा लेख.

समजा, एक सनद हाती आली. तीत वर छत्रपती शाहू, मध्ये पंतप्रधान बाजीराव, आणि देणारा राघोजी भोसले सेनासाहेबसुभा. वाचक म्हणेल, यात शंकेस जागा कोठे? शाहू महाराज, बाजीराव आणि राघोजी एकत्र आले म्हणजे १७४० च्या पूर्वीची दहा वर्षे. परंतु हीच तीन नावे याच तीन पदांवर पुन्हा एकदा एकत्र आली आहेत. धाकटे शाहू १७७७ पासून १८०८ पर्यंत साताऱ्यास होते. दुसरा बाजीराव १७९६ च्या अखेरीस पुण्यास गादीवर आला. आणि दुसरा राघोजी १८१६ च्या मार्चपर्यंत नागपुरास राज्य करीत होता. म्हणजे १७९६ पासून १८०८ पर्यंतची सारी वर्षे शाहू, बाजीराव, राघोजी हे त्रिकूट तसेच्या तसे उभे आहे. एका नावाचा पुरावा दुसऱ्या नावाने तपासावा असे आपण म्हणतो. येथे तीन नावे एकमेकांस साक्षी राहून तिघेही मिळून फसवितात.

कोणी म्हणेल, संवत्सराचे नाव पाहावे. ते पाहून तर गोंधळ पुराच होतो. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे, आणि या दोन काळांतील अंतरही साठ वर्षांच्याच आसपासचे. शके १६६० हे कालयुक्त संवत्सर, म्हणजे इसवी सन १७३८-३९. शके १७२० हेही कालयुक्त, म्हणजे १७९८-९९. पहिल्या कालयुक्तात थोरले शाहू, थोरला बाजीराव व थोरला राघोजी हयात. दुसऱ्यात धाकटे तिघे हयात. शकाचा आकडा फाटला किंवा वाळवीने खाल्ला आणि संवत्सराचे नाव तेवढे राहिले, तर वरील तीन नावांसह तो कागद साठ वर्षे मागे किंवा पुढे सुखाने जाऊ शकतो. सुहूर सन असेल तर मात्र निभाव लागतो. १७३८-३९ म्हणजे तिसा सलासीन मया व अलफ, आणि १७९८-९९ म्हणजे तिसा तिसैन मया व अलफ. तेव्हा ‘सलासीन’ की ‘तिसैन’ एवढ्या एका शब्दावर सनद कोणाची हे ठरते. आणि मोडीत घाईने लिहिलेला हाच शब्द पुष्कळदा नीट लागत नाही, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नसेल.

सुहूर सनाचीही एक खोड आहे. पत्रांतून शेकड्याचे शब्द गाळून नुसते ‘सलास खमसैन’ असे लिहिण्याची चाल होती. मया धरला तर ११५३, म्हणजे १७५२-५३. मयातैन धरला तर १२५३, म्हणजे १८५२-५३. पहिल्या वर्षी थोरला राघोजी जिवंत होता, कारण तो १७५५ त वारला. दुसऱ्या वर्षी तिसरा राघोजी जिवंत होता, कारण तो १८५३ च्या अखेरीस वारला. बरोबर शंभर वर्षांचे अंतर, आणि दोन्ही टोकांस राघोजी भोसले! फसलीचे शेकडे गाळले तरी हाच परिणाम होतो. कागदाची पत येथे उपयोगी पडते. १७५२ च्या हातकागदावर विलायती कारखान्याचे साल पाण्याच्या छाप्यात असणार नाही. म्हणून असा तुटका सन दिसला की कागद प्रथम उजेडापुढे धरावा.

तिसरी अडचण याहून सूक्ष्म आहे, आणि ती नावाची नसून नावामागच्या हाताची आहे. जानोजी १७७२ त वारला. त्याने आपल्या भावाचा, मुधोजीचा, पुत्र राघोजी दत्तक घेतला होता. परंतु जानोजीच्या बायको दर्याबाई व भाऊ साबाजी यांचा पक्ष निराळा पडला, आणि सेनासाहेबसुभा हे पद साबाजीचे की बाल राघोजीचे यावरून भाऊबंदकी माजली. तिचा शेवट १७७५ च्या जानेवारीत पाचगावी झाला. हे पाचगाव आमच्या गावाहून आग्नेयेस उमरेडच्या वाटेवर आहे. साबाजी तेथे मुधोजीच्या हातून पडला. त्यानंतर पद राघोजीचे झाले, पण राज्य मुधोजीने केले. मुधोजी स्वतः सेनाधुरंधर, आणि मुलाच्या नावे कारभार पाहणारा. तो १७८८ त वारला. म्हणजे १७७५ ते १७८८ या तेरा वर्षांतील कागदांवर राघोजी भोसले सेनासाहेबसुभा असे नाव असले तरी मसलत मुधोजीची आणि कलम देवाजीपंत चोरघड्यांसारख्या मुत्सद्द्यांची. या कागदांवरून ‘दुसऱ्या राघोजीचे धोरण’ सांगणारे पाहिले म्हणजे मौज वाटते. मुलाच्या नावाची छाया बापाच्या कृत्यांवर पडलेली, आणि आपण छायेचे माप घेत बसलो आहो. मेणवली दफ्तरातून निवडून त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी नागपूरविषयक पत्रांचे जे संपादन केले, त्याचे महत्त्व याच कारणास्तव आम्हांस अधिक वाटते. वकिलाचे पत्र शिक्क्यातील नावाने बांधलेले नसते. दरबारात प्रत्यक्ष कोण बोलले हे तो लिहितो, कारण त्याच्या धन्यास तेच पाहिजे असते.

मग ओळख पटवावी कशाने? आमचा अनुभव असा की कागदातील मोठ्या नावांकडे पाठ करावी आणि लहान नावे पाहावीत. छत्रपती, पेशवा व सेनासाहेबसुभा यांची नावे पिढ्यापिढ्यांनी फिरून येतात. कारकून, वकील, किल्लेदार, जामीन राहिलेला सावकार यांची त्या जोडीत फिरून येत नाहीत. भास्करराम दिसला तर कागद १७४४ च्या अलीकडचा नव्हे. श्रीधर लक्ष्मण मुनशी दिसले तर धाकट्या राघोजीचा काळ. जेंकिन्स साहेब दिसला तर १८०७ ते १८२७ यांच्या दरम्यान, आणि मग दुसरा की तिसरा एवढाच प्रश्न उरतो. काशीराव राजेश्वर गुप्त्यांची भोसल्यांची बखर या जेंकिन्सच्या वेळची. ती वाचतानाही थोरल्या राघोजीविषयी जे लिहिले आहे ते दोन पिढ्यांनंतरची आठवण आहे हे ध्यानात ठेवावे.

इतर घराण्यांतील राघोजींविषयी थोडक्यात लिहितो. लखुजी जाधवरावाचा पुत्र राघोजी १६२९ त दौलताबादेस निजामशहाच्या दरबारी बापाबरोबर मारला गेला. थोरल्या राघोजी भोसल्याच्याच फौजेत रघूजी गायकवाड नावाचा सरदार होता. मनकऱ्याच्या घातानंतर उरलेली फौज त्यानेच सांभाळून परत आणिली, त्यामुळे बंगालच्या स्वारीच्या हकिकतीत नुसता राघोजी आला तर तो धनी की चाकर हेही पाहावे लागते. कुलाब्यास आंगऱ्यांत दोन राघोजी झाले, एक १७५९ ते १७९३, दुसरा १८१७ ते १८३८. यांस सरखेल हा किताब असल्यामुळे भोसल्यांशी गोंधळ होण्याचे कारण नाही, पण आपसांत होतो. दुसऱ्या राघोजी आंगऱ्यामागे जन्मलेले मूल वर्षाच्या आतबाहेर वारले, बायकांस दत्तकाची परवानगी मिळाली नाही, आणि १८४० त कुलाबा खालसा झाला. नागपूरच्या आधी चौदा वर्षे हा पाठ दुसऱ्या राघोजींच्या घरी होऊन गेला होता. आणि अकोले तालुक्यातील देवगावचा राघोजी भांगरा, ज्यास इंग्रजांनी १८४८ च्या मे महिन्यात ठाण्यास फाशी दिले; त्याच्या बापाचे नाव रामजी. रामाच्या पोटी राघव, ही जोडी वाईच्या पांडववाडीपासून सह्याद्रीच्या कोळी वस्तीपर्यंत एकच आहे. भांगऱ्याचे नाव मात्र लोकांनी राघोजीच ठेविले. त्यास उकार चिकटला नाही, कारण ते ग्रंथांतून न येता तोंडातोंडी आले.

‘पहिला’, ‘दुसरा’, ‘तिसरा’ या आकड्यांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण वर आम्हीही ते वापरले. हे आकडे कोणत्याही अस्सल मराठी कागदात नाहीत. फ्रान्सचा चौदावा लुई आणि इंग्लंडचा आठवा हेन्री लिहिणाऱ्यांनी ते आपल्या राजांस लाविले, आणि सोयीचे म्हणून आपण घेतले. मराठीची रीत ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ ही होती, आणि ती मागून येणाऱ्यांची होती; थोरल्यास तो थोरला आहे हे त्याच्या हयातीत कोण सांगणार? लोक आणखी एका रीतीने ओळखीत. दुसऱ्या राघोजीस व्यापाराची व पैशाची फार गोडी, म्हणून त्यास ‘मोठा वाणी’ म्हणत असे इंग्रजी गॅझेटियरात लिहिले आहे. मुलकी दफ्तराने गावांच्या बाबतीत हा प्रश्न कधीच सोडविला होता. आमचे हुडकेश्वर दोन. एक बुद्रुक, एक खुर्द. आज दोन्हींच्या शेतांत नागपूर शहराची घरे उभी राहिली तरी सातबाऱ्यावर बुद्रुकाचे शेत खुर्दात जात नाही. गावाच्या नावापुढे जी दक्षता जुन्या कारकुनाने घेतली ती आपण राजाच्या नावापुढे घेत नाही. यादीत ‘राघोजी पहिला’ असे लिहून टाकण्यापेक्षा ‘राघोजी, बिंबाजीचा’, ‘राघोजी, मुधोजीचा, जानोजीस दत्तक’, ‘राघोजी ऊर्फ बाजीबा’ असे लिहावे. आणि जेथे यांतला कोणता हे ठरत नाही तेथे नुसते ‘राघोजी’ लिहून पुढे जागा मोकळी ठेवावी. आकडा घातला की शंका मिटल्यासारखी दिसते, आणि पुढचा वाचक ती पुन्हा उकरीत नाही.

हे एवढ्या आग्रहाने लिहिण्याचे कारण बाजारातही आहे. थोरल्या राघोजीने १७४१ त त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद करून साताऱ्यास आणिले, ओरिसा घेतला, बंगालची चौथ बसविली. म्हणून त्याच्या कागदास किंमत. दुसरा आडगावास हरला आणि देवगावच्या तहाने १८०३ त कटक व वऱ्हाड देऊन बसला. त्याची किंमत त्याहून कमी. तिसरा तर खालसा झालेल्या राज्याचा शेवटचा राजा, म्हणून त्याच्या कागदाकडे कोणी पाहत नाही. परिणामी दोन गोष्टी होतात. तिसऱ्याचा कागद थोरल्याचा म्हणून खपविला जातो. आणि ज्यावर साल स्पष्ट असल्यामुळे तो तसा खपत नाही, तो शिक्का कातरून घेऊन रद्दीत घातला जातो. वस्तूंचेही असेच आहे. भोसल्यांच्या घरातील चीजवस्त १८१७ च्या लुटीत बाहेर गेली आणि १८५४ नंतरच्या विक्रीत गेली. या दोन्ही वेळी थोरल्या राघोजीस जाऊन साठ आणि शंभर वर्षे झाली होती. घरातून बाहेर पडण्याचा दिवस तेवढा आपणांस ठाऊक. वस्तू घरात आली कोणत्या राघोजीच्या वेळी हे त्या दिवसावरून कळत नाही.

वास्तविक नागपूर प्रांताच्या खेड्यांचा इतिहास ज्यास लिहावयाचा आहे त्यास तिसऱ्या राघोजीचेच कागद अधिक लागतील. त्याची कारकीर्द १८१८ ते १८५३, म्हणजे पस्तीस वर्षांची. तिच्या आरंभी तो अल्पवयी असता जेंकिन्सच्या देखरेखीखाली मुलखाची जी पाहणी झाली तिचा इंग्रजी अहवाल १८२७ त छापला गेला. तो सर्वांनी वाचला आहे. परंतु त्यानंतर राजाच्या हाती कारभार आल्यावर पटेलांशी झालेले करार, वजावाटीच्या यादी, विहिरी व तलाव यांच्या खर्चाची पत्रे, देवस्थानांच्या नेमणुका, यांचे काय झाले? त्यांतील जे सरकारी दफ्तरात गेले ते गेले. पण पटेल, पांडे व गुरव यांच्या घरी जे राहिले ते अजून माळ्यांवर व घडवंच्यांखाली आहे. यादव माधव काळे यांनी १९३४ त नागपूर प्रांताचा इतिहास लिहिला तेव्हा जेवढे मिळाले त्यातून मांडणी केली. त्यापुढचे काम मोठ्या नावांच्या शोधाने होणार नाही. शहर दक्षिणेस वाढत आहे, जुनी घरे पडत आहेत, आणि घर पाडताना प्रथम माळा रिकामा करतात. ज्यांच्याकडे ‘राघोजी’ असे नाव असलेला व साल न लागणारा कागद असेल त्यांनी तो थोरल्याचा नाही म्हणून टाकू नये. त्यातील पटेलाचे, पांड्याचे आणि साक्षीदारांचे नाव, गावाचे नाव बुद्रुक-खुर्दासह, आणि सनाचे जेवढे शब्द लागतील तेवढे जसेच्या तसे उतरून घेऊन, शिक्का न कातरता, तो सबंध राखावा.